नाकापेक्षा मोती जड : लॉगिंग लायब्ररीतल्या कॉन्फिग फाइलची चिकित्सा

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी अगदी सौम्यपणे विचारलं होतं, "यावर तासभर बोलण्यासारखं आहे का?" प्रश्न रास्त आहे. लॉगिंग लायब्ररी म्हणजे प्रोग्राम चालत असताना काय काय घडलं त्याच्या नोंदी ठेवणारा कोड. तिची कॉन्फिग फाइल म्हणजे पंधरा-वीस ओळींची चिठ्ठी: कुठल्या भागाच्या नोंदी किती तपशिलात ठेवायच्या, कुठल्या फाइलमध्ये लिहायच्या, तारीख-वेळ कशी छापायची. आणि पार्सर म्हणजे ती चिठ्ठी वाचणारा कोड. किराणा सामानाची यादी वाचण्याइतकंच हे काम. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

म्हणून आधी माझंच एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बिलिंग सिस्टिमसाठी आम्ही घरचीच एक छोटी लॉगिंग लायब्ररी लिहिली. फाइल वाचायचं काम माझ्याकडे आलं. अडीचशे ओळींत पार्सर लिहून झाला. बाहेरची एकही लायब्ररी लागली नाही. रिव्ह्यूमध्ये 'किती हलका!' म्हणून कौतुकही झालं. त्यात लेव्हलचं नाव वाचणारं एक छोटं फंक्शन होतं. लेव्हल म्हणजे नोंदींचा बारकावा: डीबग सगळ्यांत बडबडी, मग इन्फो, मग वॉर्न, मग एरर. फाइलमधला शब्द यांपैकी कशाशी जुळला तर ती लेव्हल धरायची, आणि कशाशीच जुळला नाही तर डीबग. माझा विचार असा की शंका असेल तिथे नोंदी जास्त झालेल्या बऱ्या, कमी नकोत.

पुढे एका महिनाअखेरीच्या रात्री सर्व्हरची डिस्क भरत आली. रात्रपाळीच्या सहकाऱ्याने योग्य तेच केलं. नोंदी कमी व्हाव्यात म्हणून त्याने कॉन्फिगमधला 'इन्फो' खोडला आणि तिथे 'वॉर्निंग' लिहिलं. आमच्या पार्सरला 'वॉर्न' कळत होतं, 'वॉर्निंग' कळत नव्हतं. त्याने शब्द ओळखला नाही, तक्रार केली नाही, गुपचूप डीबग धरली. म्हणजे माणसाने सांगितलं 'गप्प बस' आणि लायब्ररी तोंड भरून बोलायला लागली. तीन तासांत डिस्क भरली, बिलांची बॅच अर्ध्यात थांबली. सकाळच्या मीटिंगमध्ये कारण नोंदवलं गेलं: 'ऑपरेटरने लेव्हलचं नाव चुकीचं लिहिलं.' मी त्या मीटिंगमध्ये होतो. मी मान डोलावली. माझं ते फंक्शन मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

हे सांगायचं कारण, असा निर्णय घेणारा मी एकटा नव्हतो. जावातली लॉग-फोर-जे ही लायब्ररी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरली असेल. तिचं मूळ १९९६ सालच्या, युरोपियन युनियनच्या 'सेम्पर' नावाच्या प्रकल्पात आहे. चेकी ग्युलचू यांनी तिला आकार दिला, पुढे ती अपाचे फाउंडेशनकडे गेली आणि तिची पहिली आवृत्ती २०१५ साली अधिकृतपणे निवृत्त होईपर्यंत जगभर चालली. त्या पहिल्या आवृत्तीत, मजकुरावरून लेव्हल बनवणाऱ्या फंक्शनचं वर्णन दस्तऐवजात स्पष्ट दिलेलं आहे: रूपांतर जमलं नाही तर डीबग मिळेल. कॉन्फिग फाइल वाचणारा भागही हाच डिफॉल्ट धरतो. आणि 'वॉर्निंग' हा काही वेडपट शब्द नाही. पायथनमध्ये त्या लेव्हलचं नाव 'वॉर्निंग'च आहे, जावाच्या स्वतःच्या लॉगिंगमध्येही 'वॉर्निंग'च आहे. तीन भाषांत काम करणारा माणूस हे लिहिणारच.

आता याच्या अगदी उलट टोक बघा. रस्ट भाषेत 'एन्व्ह-लॉगर' नावाची लायब्ररी आहे. तिला फाइलच लागत नाही. 'रस्ट-लॉग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवला की झालं: 'एरर, अमुक मॉड्यूल इज इक्वल टू डीबग' अशी एक ओळ. हलकेपणात हिचा हात कोणी धरणार नाही, आणि मला ती मनापासून आवडते. पण तिथे नुसता एकच शब्द दिला आणि तो लेव्हल म्हणून ओळखता आला नाही, तर तो मॉड्यूलचं नाव आहे असं समजलं जातं. व्याकरण तसंच आहे: एकटा शब्द लेव्हलही असू शकतो, मॉड्यूलही. म्हणजे घाईत 'डीबग'ची दोन अक्षरं उलटसुलट पडली तर लायब्ररी म्हणते, ठीक, 'डेबगु' नावाच्या मॉड्यूलच्या सगळ्या नोंदी दाखवते. असं मॉड्यूल नसतंच. बाकीचे सगळे बंद. पडदा कोरा. तिकडे स्पेलिंग चुकलं की पूर, इकडे स्पेलिंग चुकलं की दुष्काळ.

दोन्ही लेखक हुशार आहेत आणि दोघांचे निर्णय सुटे पाहिले तर समजण्यासारखे आहेत. माझा आक्षेप सुट्या निर्णयावर नाही, 'हलका' या शब्दाच्या व्याख्येवर आहे. आपण पार्सरचं वजन कसं करतो? ओळी मोजतो, किलोबाइट मोजतो, डिपेंडन्सी मोजतो. हे वजन प्रोग्रामरला जाणवतं, तेही एकदाच, लायब्ररी निवडताना. दुसरं एक वजन असतं, ते फाइल लिहिणाऱ्याच्या डोक्यावर पडतं: या फाइलमध्ये मी जे लिहिलंय त्याचा अर्थ यंत्राने तोच घेतला का, हे मला कसं कळणार? आणि तिसरं वजन म्हणजे ही फाइल काय काय करू शकते. पहिलं वजन कमी करताना आपण दुसरं आणि तिसरं बिनदिक्कत वाढवत गेलो, असं माझं म्हणणं आहे.

एक गोष्ट लॉगिंगपुरती खास आहे, तीही इथेच सांगून टाकतो. वेबसर्व्हरची कॉन्फिग चुकली तर लॉगमध्ये चूक दिसते. लॉगिंगचीच कॉन्फिग चुकली तर ती चूक लिहायची कुठे? लॉग अजून उभाच राहिलेला नसतो. घराची चावी घराच्या आत, असा प्रकार. त्यामुळे बाकीच्या कॉन्फिगमध्ये खपून जाणारा ढिलेपणा इथे खपत नाही.

जुन्या काळापासून बघू. सिसलॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलं, मूळ त्यांच्या सेंडमेल या मेल प्रोग्रामसाठी. त्याच्या कॉन्फिगची ओळ इतकी साधी की आजही वाचता येते: डावीकडे 'कुठून आणि किती गंभीर', उजवीकडे 'कुठे लिहायचं'. मेल डॉट इन्फो, मग फाइलचा पत्ता. संपलं. मला हा नमुना सुंदर वाटतो. दोन रकाने, एक प्रश्न आणि एक उत्तर. पण जुन्या युनिक्सवर त्या दोन रकान्यांच्या मध्ये टॅबच लागायचा. स्पेस दिली की ओळ निकामी. आणि टॅब व स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात! किती ॲडमिनच्या रात्री यात गेल्या असतील. लिनक्सच्या वेळी स्पेस चालू लागली, पण 'टॅबच वापर रे बाबा' हा सल्ला पुढे बरीच वर्षं तोंडोतोंडी फिरत राहिला. सोलारिसवर तर गंमत अशी की ही फाइल आधी एम-फोर या मॅक्रो प्रोसेसरमधून जायची, म्हणजे दोन रकान्यांच्या चिठ्ठीच्या आधी एक अख्खी मॅक्रो भाषा. नाकापेक्षा मोती जड व्हायला तिथूनच सुरुवात झाली म्हणा ना.

आता लॉग-फोर-जेच्या पहिल्या आवृत्तीची प्रॉपर्टीज फाइल. इथे जरा थांबू या, कारण 'हलका पार्सर' या कल्पनेचं हे आदर्श उदाहरण मानलं जातं. त्यांनी पार्सर लिहिलाच नाही. जावात 'प्रॉपर्टीज' नावाचा तयार क्लास होता, 'की बरोबर व्हॅल्यू' अशा ओळी वाचणारा, तोच घेतला. शून्य ओळी, शून्य डिपेंडन्सी. याहून हलकं काय असणार?

पण हा क्लास वाचलेल्या जोड्या एका हॅशटेबलमध्ये टाकतो. ओळींचा क्रम गेला. ओळीचा क्रमांक गेला. एकच की दोनदा लिहिली असेल तर नंतरची जिंकते, आधीची होती हे कुणाला कळतही नाही. म्हणजे लायब्ररीच्या हातात फाइल पडते तेव्हा चूक कुठल्या ओळीत आहे हे सांगण्याची तिची क्षमताच संपलेली असते. लेखकाने ठरवलं तरी त्याला चांगला एरर मेसेज देता येणार नाही. पार्सर उसना घेतला की त्याचा विसराळूपणाही उसना येतो.

दुसरं, बॅकस्लॅश. प्रॉपर्टीज फाइलमध्ये बॅकस्लॅश हे खास चिन्ह आहे. त्याच्यापुढे 'एन' आला तर नवी ओळ, 'टी' आला तर टॅब, आणि इतर बहुतेक अक्षरं आली तर बॅकस्लॅश गुपचूप गळून पडतो. आता विंडोजवर लॉग फाइलचा पत्ता कसा लिहितात? सी ड्राइव्ह, बॅकस्लॅश 'लॉग्ज', बॅकस्लॅश 'न्यू डॉट लॉग'. पहिला बॅकस्लॅश गायब, दुसऱ्याच्या जागी नवी ओळ. पत्त्याचे दोन तुकडे. लॉगिंगच्या कॉन्फिगमध्ये सगळ्यांत जास्त काय लिहिलं जातं? फाइलचे पत्ते. आणि निवडलेल्या नमुन्यात नेमकं पत्ते लिहिणंच धोक्याचं.

तिसरं आपल्या जवळचं. प्रॉपर्टीज क्लास बाइट-स्ट्रीममधून वाचताना फाइल आयएसओ ८८५९-१ मध्ये आहे असं धरतो. ती पश्चिम युरोपच्या लिपीची मांडणी. देवनागरीला तिच्यात जागा नाही. तुम्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलीत आणि कॉमेंट मराठीत लिहिलीत तर काही बिघडत नाही, कॉमेंट वाचलीच जात नाही. पण नोंदीच्या नमुन्यात 'शाखा' असा शब्द घातलात, किंवा फोल्डरचं नाव मराठीत ठेवलंत, तर प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाचे तीन बाइट म्हणजे तीन परकी अक्षरं होऊन बाहेर पडतात. मराठीत लिहायचं तर प्रत्येक चिन्हाचा युनिकोड आकडा बॅकस्लॅश-यू लावून लिहा. असं कोण लिहितं?

याचंच भावंड म्हणजे बॉम. (हशा) हो, नाव तसंच आहे, बाइट ऑर्डर मार्क. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकायचं. प्रॉपर्टीज क्लास त्यांना अक्षरं समजतो आणि ती पहिल्या कीच्या नावाला चिकटतात. पहिली ओळ कॉमेंट असेल तर तुम्ही वाचलात. पहिली ओळ 'रूट लॉगर'ची असेल, आणि बहुधा तीच असते, तर ते नाव आता जुळत नाही. मग लॉग-फोर-जे काय करते? तिच्या आत एक संदेश आहे, साधारण अशा अर्थाचा: रूट लॉगरची माहिती सापडली नाही, हे ठीक आहे ना? किती नम्र! पण हा संदेश लायब्ररीच्या स्वतःच्या अंतर्गत डीबग पातळीवर लिहिलेला आहे, आणि ती पातळी मुद्दाम चालू केल्याशिवाय दिसत नाही. प्रश्न विचारला, पण खोलीत कोणी नसताना.

आणखी एक, मग हा भाग सोडतो. ही लायब्ररी फाइलवर नजर ठेवू शकते. मूळ सेटिंगमध्ये दर ६० सेकंदांनी तपासते आणि बदललेली दिसली तर पुन्हा वाचते. पण पुन्हा वाचताना आधीची मांडणी पुसत नाही, नव्या ओळी तिच्यावर चढवते. म्हणजे तपासासाठी एका मॉड्यूलला डीबग दिलंत, काम झाल्यावर ती ओळ पुसलीत, तरी डीबग चालूच. फाइलमध्ये ओळ नाही आणि मेमरीत आहे. त्या क्षणापासून फाइल वाचून सिस्टिमची स्थिती कळत नाही, आणि ज्या कॉन्फिग फाइलवरून स्थिती कळत नाही तिला मी कॉन्फिग फाइल म्हणायला तयार नाही.

या सगळ्याला वैतागून लोक मोठ्या नमुन्यांकडे गेले: एक्सएमएल, जेसन, यॅमल. लॉग-फोर-जेची दुसरी आवृत्ती २०१४ साली आली ती एक्सएमएल, जेसन आणि यॅमल घेऊन. प्रॉपर्टीज तिच्यात नंतर, २.४ मध्ये परत आल्या. जेसन-यॅमलसाठी जॅक्सन ही वेगळी लायब्ररी सोबत लागते. लॉग लिहायला आलेला पाहुणा स्वतःचा स्वयंपाकी घेऊन येतो. पण डिपेंडन्सीबद्दल मी फार बोलणार नाही, ते सगळेच बोलतात. मला यॅमलमधला एक छोटा प्रसंग जास्त बोलका वाटतो. लॉगिंगमध्ये 'ऑफ' नावाची लेव्हल असते, नोंदी पूर्ण बंद. यॅमल १.१ मध्ये 'ऑफ' हा शब्द अवतरणाशिवाय लिहिला की तो शब्द राहत नाही, बूलियन 'फॉल्स' होतो. म्हणजे तुम्ही लिहिता 'लेव्हल ऑफ', लायब्ररीच्या हातात पडतं 'लेव्हल फॉल्स'. स्प्रिंग बूटच्या लोकांना आपल्या कोडमध्ये खास सोय करावी लागली की लेव्हल म्हणून 'फॉल्स' आलं तर 'ऑफ' समजा. मोठ्या पार्सरने आधी अर्थ बदलायचा, मग छोट्या कोडने तो ओळखून परत मूळ अर्थ लावायचा. दहा शब्दांच्या शब्दसंग्रहासाठी!

आता तिसऱ्या वजनाकडे येतो: फाइलची ताकद. पायथनचं लॉगिंग मॉड्यूल २००३ साली २.३ या आवृत्तीत आलं. त्याची कॉन्फिग आयएनआय नमुन्यात, म्हणजे चौकोनी कंसात विभागाचं नाव आणि खाली जोड्या. पायथनमध्ये त्या नमुन्याचा पार्सर आधीच होता, तोच घेतला. फाइलमध्ये हँडलरचा क्लास लिहायचा आणि 'आर्ग्ज' म्हणून त्याला द्यायच्या गोष्टी. आता या गोष्टी कधी आकडे असतात, कधी मजकूर, कधी 'सिस डॉट एसटीडीआउट'सारखी वस्तू. यांचा पार्सर कोण लिहिणार? उपाय सोपा: तो मजकूर सरळ 'इव्हॅल'ला द्यायचा, म्हणजे पायथनचा कोड म्हणून चालवायचा. एका ओळीत प्रश्न सुटला. हलका? हो, एक ओळ. आणि त्या एका ओळीने कॉन्फिग फाइलला अख्खी पायथन भाषा बहाल केली. शिवाय त्याच मॉड्यूलमध्ये सॉकेटवर कान लावून चालू प्रोग्रामला नवी कॉन्फिग घेऊ देणारी सोय आहे. दस्तऐवजात तिच्याविषयी इशारा द्यावा लागला आहे की आलेल्या मजकुराचे भाग 'इव्हॅल'मध्ये जातात, तेव्हा जपून.

पुढे विनय साजिप यांनी पेप ३९१ मध्ये 'डिक्ट-कॉन्फिग' आणलं. २०१० साली पायथन २.७ मध्ये ते आलं. त्यातली कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते: लायब्ररी फाइल वाचणारच नाही. ती फक्त एक डिक्शनरी घेईल. ती जेसनमधून आणा, यॅमलमधून आणा, हाताने बनवा. वाचणं वेगळं, अर्थ लावणं वेगळं. पण इथेही ओळ क्रमांक हरवतो, हे नोंदवून ठेवतो. आणि कोरे गोल कंस ही की वापरून कुठलंही फंक्शन बोलावायची सोय त्यात आहेच. 'इव्हॅल' पुढच्या दाराने गेला, थोडा सभ्य होऊन मागच्या दाराने आला.

लॉगबॅकचंही तसंच. ही चेकी ग्युलचू यांचीच पुढची लायब्ररी. तिची कॉन्फिग ग्रूव्ही या पूर्ण प्रोग्रामिंग भाषेत लिहिता यायची. डिसेंबर २०२१ मध्ये, १.२.९ या आवृत्तीत, ती सोय काढून टाकली: लॉगिंग सगळीकडे असतं, आणि त्याच्या कॉन्फिगला इतकी ताकद असणं सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही, या कारणासाठी. तारीख लक्षात घ्या. डिसेंबर २०२१.

त्या महिन्यात काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे: लॉग-फोर-शेल. लॉग-फोर-जेच्या दुसऱ्या आवृत्तीतली भेद्यता, गांभीर्य दहापैकी दहा. तिची गोष्ट नेहमी 'जेएनडीआय'ची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती कॉन्फिग भाषेची गोष्ट वाटते. कॉन्फिग फाइलमध्ये काही किमती बाहेरून याव्यात अशी गरज असते: सर्व्हरचं नाव, फोल्डरचा पत्ता. म्हणून डॉलर आणि महिरपी कंस लावून नाव लिहायचं, पार्सर तिथे किंमत भरेल. साधी, उपयोगी सोय. मग किंमत सापडली नाही तर पर्यायी किंमत. मग कंसात कंस. मग एन्व्हायर्नमेंटमधून, मग जावाच्या माहितीतून, आणि २०१३ साली २.० च्या बीटा-९ मध्ये जेएनडीआयमधून, म्हणजे गरज पडल्यास नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावरून. प्रत्येक पायरी छोटी. प्रत्येकाची मागणी खरी.

आणि मग हेच भरणी-यंत्र नोंदींच्या मजकुरावरही चाललं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं. कॉन्फिग हा मालकाचा शब्द. नोंदीत मात्र बाहेरचा कोणीही काहीही लिहू शकतो: लॉगिनच्या चौकटीत टाकलेलं नाव, ब्राउझरने पाठवलेली ओळख. त्या मजकुराला कॉन्फिगचं व्याकरण लागू झालं की बाहेरचा माणूस तुमच्या कॉन्फिगमध्ये लिहायला लागला. फायरवॉलवाल्यांनी 'जेएनडीआय' हा शब्द अडवला, तर हल्लेखोरांनी कंसात कंस घालून तोच शब्द तुकड्या-तुकड्यांनी बनवला. पर्यायी किंमत, लहान लिपी अशा सगळ्या सोयी त्यांच्या कामी आल्या. २.१५.० ने दुरुस्ती केली, ती पुरली नाही. २.१६.० ने मजकुरातली भरणी काढूनच टाकली आणि जेएनडीआय बंद ठेवलं. मग कंसात स्वतःलाच बोलावणाऱ्या कंसामुळे प्रोग्राम कोसळतो हे दिसलं, तेव्हा २.१७.०. आणि त्यानंतरची २.१७.१ तर अशा भेद्यतेसाठी, जिथे हल्लेखोराच्या हातात कॉन्फिग फाइलच असावी लागते. चार आवृत्त्या, सगळ्या त्या एका डिसेंबरात. फाइल वाचणाऱ्या कोडच्या ओळी मोजून हे वजन कधीच दिसलं नसतं.

मग चांगलं उदाहरण कोणतं, असं तुम्ही विचाराल. मला सी भाषेतला बेन हॉइट यांचा 'आयएनआयएच' नावाचा छोटा पार्सर आठवतो. लॉगिंगसाठी खास नाही, पण लॉगिंग लायब्ररीला पुरतो. एक सी फाइल, एक हेडर. तो ओळ वाचतो, विभाग-नाव-किंमत तुमच्या फंक्शनला देतो, अर्थ लावणं तुमच्याकडे. बिघाड झाला तर पहिल्या चुकीच्या ओळीचा क्रमांक परत करतो. बघा, एवढ्याशा कोडमध्ये त्याने ओळ क्रमांक सांभाळला आहे! यशाला शून्य, चुकीला ओळ. दोष त्याच्यातही आहेत. मूळ सेटिंगमध्ये ओळीला २०० बाइटची मर्यादा आहे; लांबलचक पत्ता आणि नमुना एका ओळीत आले तर ती पुरत नाही. आणि स्पेसनंतर अर्धविराम आला की पुढचं कॉमेंट समजतो. नोंदीच्या नमुन्यात कोणी वेळ, अर्धविराम, लेव्हल असं लिहिलं तर नमुना तिथेच तुटतो. दोन्ही गोष्टी कंपाईल करताना बदलता येतात, पण त्या बदलायच्या असतात हे आधी माहीत पाहिजे.

माझा तो पार्सर मी पुन्हा लिहिला. आता तो अडीचशेचा चारशे ओळींचा झाला आहे. वाढलेला जवळजवळ सगळा भाग तक्रार करण्याचा आहे. अनोळखी की आली तर थांबतो. एकच की दोनदा आली तर दोन्ही ओळींचे क्रमांक सांगतो. सुरुवातीचा बॉम गिळतो. फाइल यूटीएफ-८च आहे असं धरतो, नसेल तर कितवा बाइट खटकला ते सांगतो. बॅकस्लॅशला काही अर्थच नाही. कॉमेंट फक्त ओळीच्या सुरुवातीला. कंसातली भरणी नाही, एकाही प्रकारची. ज्याला सर्व्हरचं नाव हवं त्याने फाइल बनवतानाच ते लिहावं. तक्रार स्टँडर्ड एररवर जाते, कारण तेवढी एकच जागा त्या क्षणी नक्की उघडी असते.

पुन्हा वाचण्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड गेला. आधी वाटलं, फाइल बदलली की वाच. पण एडिटर फाइल साठवताना काय करतात? काही आधी फाइल रिकामी करतात, मग लिहितात. त्या दोन क्षणांच्या मध्ये तुम्ही वाचलंत तर हातात रिकामी फाइल येते, आणि रिकामी फाइल व्याकरणाने निर्दोष असते! काही एडिटर नवी फाइल लिहून जुनीच्या नावावर सरकवतात, मग जुन्या फाइलच्या आयनोडवर नजर ठेवणारा पहारेकरी पाहतच राहतो. म्हणून मी फाइलच्या शेवटी 'समाप्त' अशा अर्थाची एक ओळ सक्तीची केली. ती नसेल तर फाइल अर्धवट आहे, जुनीच मांडणी ठेवा आणि तसं सांगा. नवी मांडणी पूर्ण, वेगळी बांधायची, ती सगळी बरोबर निघाली तरच एका पॉइंटरने बदलायची. त्या 'समाप्त' ओळीवर टीममध्ये बरीच थट्टा झाली, 'हा काय सत्यनारायणाच्या पोथीचा अध्याय आहे का' म्हणून. राहू दे.

एक कबुली द्यायला हवी. चालू होताना चूक सापडली तर प्रोग्रामने थांबावं का? मी थांबवतो. याला विरोध करणारे म्हणतात, लॉगच्या एका स्पेलिंगसाठी बिलिंग बंद ठेवणार का? यात दम आहे. हॉस्पिटलच्या मॉनिटरवरचा प्रोग्राम असता तर मी थांबवलं नसतं. पण बहुतेक ठिकाणी प्रोग्राम चालू करताना माणूस समोर बसलेला असतो, आणि चूक दुरुस्त करायला तोच क्षण सगळ्यांत स्वस्त असतो. मध्यरात्री फाइल पुन्हा वाचताना मात्र थांबायचं नाही, जुन्या मांडणीवर राहायचं. एकाच चुकीला दोन वेळी दोन वागणुकी. यावरून माझ्याशी भांडायला हरकत नाही.

शेवटी एक प्रश्न आला आहे, मागच्या रांगेतून: "मग आता तुमचा पार्सर 'वॉर्निंग' चालवतो का?" चालवतो. 'वॉर्न' आणि 'वॉर्निंग' दोन्ही, लहान लिपीत, मोठ्या लिपीत, कसंही. त्यांचा अर्थ एकच आहे यावर कुणाचा वाद नाही, मग त्या माणसाला कशाला अडवायचं? पण शेवटचा 'जी' राहून गेला असेल, तर तो अंदाज करत नाही. तो म्हणतो: ओळ ७, 'वॉर्निन' ही लेव्हल मला माहीत नाही, या सहा माहीत आहेत. आणि सहाही नावं छापतो. तो रात्रपाळीचा सहकारी आता दुसरीकडे आहे. त्याला मी हा मेसेज पाठवला होता, स्क्रीनशॉट काढून. त्याने उत्तरात फक्त एक अंगठा पाठवला.